पत्रिकेतलं मराठी

बडोद्यात लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरी टीव्हीशेजारी पत्रिकांचा गठ्ठा साठायला लागतो. शेजाऱ्यांच्या कंकोत्र्या, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका आणि अलीकडे दोन्हींची सरमिसळ, कारण घरोघरी जावई नाहीतर सून गुजराती. तुमच्याकडेही असतील. त्यातल्या दोन-चार शेजारी शेजारी मांडून एकदा नुसती अक्षरं बघा. वधूवरांची नावं बहुतेक वेळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतात आणि त्या अक्षरांचं वळण ठरलेलं असतं. उभी रेषा ठसठशीत जाड, आडवी रेषा केसासारखी बारीक, आणि टोकांना तितक्याच बारीक पट्ट्या. अत्तराच्या बाटलीवर, हिऱ्यांच्या दुकानाच्या पाटीवर, फॅशनच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर हेच वळण दिसतं. न वाचताच कळतं की इथे काहीतरी महाग आहे.

आता त्याच पत्रिकेतला मराठी मजकूर बघा. संगणकात जो फॉन्ट आधीपासून होता तो, आकाराने लहान, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. श्रीगणेशाय नमः पासून आहेर स्वीकारला जाणार नाही इथपर्यंत सगळं एखाद्या कचेरीतल्या सूचनेसारखं. वाचायला अडत नाही, पण वाचावंसंही वाटत नाही.

हे मला आधी कधी खटकलं नव्हतं. माझ्या भाचीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा खटकलं. मुलगा गुजराती, त्यामुळे पत्रिका तीन लिप्यांत करायची होती. रावपुऱ्याजवळच्या एका लहानशा कार्यालयात डिझाइन करणाऱ्या मुलाने पडद्यावर पहिला नमुना दाखवला. इंग्रजी नावं त्या जाड-बारीक वळणात होती आणि खरंच देखणी होती. गुजरातीही बरं दिसत होतं. मराठीवर नजर गेली आणि भाची म्हणाली, “मावशी, मराठी काढूनच टाकूया का? किती साधं दिसतंय! आणि आता वाचणारं तरी कोण आहे?”

रागावण्यासारखं ती काही बोलली नव्हती. इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मराठी बोलणारी, मैत्रिणींशी गुजराती बोलणारी मुलगी. मराठी छापील मजकूर तिच्या हाती येतो तो पत्रिकेत, आरतीच्या पुस्तकात आणि मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकात. ही तिन्ही ठिकाणं जर गरीब दिसत असतील, तर मराठी गरीब दिसते असं तिला वाटणारच. मी त्या मुलाकडे दोन दिवस मागितले आणि ही देखणी इंग्रजी अक्षरं आली कुठून ते वाचायला बसले.

त्यांची गोष्ट अठराव्या शतकातली आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिल नावाचा एक गृहस्थ होता. आधी तो मुलांना सुलेखन शिकवायचा, मग लाखेच्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि तो छपाईत घातला. त्याला जाड आणि बारीक रेषांमध्ये अधिक फरक हवा होता. पण त्या काळच्या खरबरीत कागदावर बारीक रेषा टिकत नसे, शाई पसरून जाई. म्हणून त्याने गुळगुळीत कागद वापरला, शाई अधिक काळी केली, छापलेला कागद तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबून त्याला तकाकी आणली. १७५७ मध्ये त्याने व्हर्जिलचं काव्य छापलं.

लोकांनी नावं ठेवली. एवढ्या बारीक रेषांनी वाचकांचे डोळे जातील, असं म्हणणारे निघाले. बेंजामिन फ्रँकलिनने अशाच एका टीकाकाराची गंमत केली. त्याने कॅसलन या जुन्या, सर्वांच्या सवयीच्या अक्षरांचा नमुना घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा बास्करव्हिलचा नमुना म्हणून त्या गृहस्थापुढे ठेवला. गृहस्थाने त्यातही डोळ्यांना त्रास देणारे दोष भराभर दाखवले! फ्रँकलिनने ही हकिगत बास्करव्हिलला पत्राने कळवली. मला ती वाचून हसू आलं, कारण “हे अक्षर चांगलं नाही” असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा “ह्याची सवय नाही” एवढंच म्हणायचं असतं.

बास्करव्हिलचं काम पाहून भारावलेला एक तरुण इटलीत होता. जांबात्तिस्ता बोदोनी, जन्म १७४०, बाप छापखानेवाला. रोममध्ये ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या संस्थेच्या छापखान्यात तो परदेशी लिप्यांच्या खिळ्यांचं काम शिकला. इंग्लंडला जायला निघाला, वाटेत आजारी पडला आणि १७६८ मध्ये पार्मा इथल्या ड्यूकच्या आश्रयाला राहिला. गंमत अशी की त्याच रोमच्या छापखान्याने १७७१ मध्ये देवनागरीचे खिळे पाडून आपल्या लिपीची ओळख करून देणारं एक पुस्तक छापलं. म्हणजे बोदोनी जिथे शिकला, तिथेच तो गेल्यावर काही वर्षांनी आपला क, ख, ग शिशात उतरला.

पार्म्यात बोदोनीने आयुष्यभर अक्षरं कोरली. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ती कांडी तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिसं ओतून खिळा पाडायचा. एकेका अक्षराचे किंचित कमी-जास्त मापाचे कितीतरी संच तो करून ठेवी. अक्षराला सौंदर्य येतं ते नियमितपणा, स्वच्छपणा, सुरुची आणि लावण्य या चार गोष्टींनी, असं त्याने लिहून ठेवलं आहे. १८१३ मध्ये तो गेला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ त्याच्या पत्नीने, मार्गेरिताने, १८१८ मध्ये छापून पुरा केला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये दिदो घराण्यातला फिरमँ दिदो याच वाटेने चालला होता. आजच्या पत्रिकांवरची अक्षरं ह्या दोघांची नातवंडं-पतवंडं.

मग ती फॅशनच्या दुनियेत कशी गेली? अमेरिकेत ‘हार्पर्स बझार’ मासिकात १९३४ पासून अलेक्सी ब्रोदोविच हा रशियातून आलेला कलादिग्दर्शक काम करत होता. त्याने पानावर भरपूर कोरी जागा सोडली, मोठी छायाचित्रं घेतली आणि त्यांच्याजवळ ही जाड-बारीक अक्षरं ठेवली. ‘व्होग’चं नावही याच घराण्यातल्या वळणात असतं. वर्षानुवर्षं आपण ही अक्षरं रेशमी कपडे आणि दागिन्यांच्या सोबतीने पाहत आलो. त्यामुळे आता नुसतं अक्षर दिसलं तरी दागिने आठवतात.

इथपर्यंत वाचल्यावर माझ्या मनातली एक गाठ सुटली. इंग्रजी अक्षरं उपजत श्रीमंत नव्हती. त्यांच्यामागे ड्यूकचा आश्रय होता, चांगला कागद होता, आयुष्यभर कांड्या कोरणारा कारागीर होता आणि पुढे जाहिरातींचा पैसा होता. आश्रय म्हणजे काय हे बडोदेकरांना समजावून सांगायला नको. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे मराठी-गुजराती ग्रंथमाला निघाल्या, वाचनालयं उभी राहिली.

आपल्याकडेही असे कारागीर होऊन गेले. मुंबईत जावजी दादाजी हे मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासण्याच्या कामाला लागले होते. पुढे त्यांनी स्वतःचा ओतशाळेचा धंदा काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी ठसे कोरले. जुन्या घरांतून निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं अजून सापडतात. एखादं मिळालं तर उघडून बघा. शंभर वर्षांच्या पिवळ्या कागदावर अक्षर कसं भरदार आणि स्वच्छ उभं आहे! तिथे कुणी देवनागरीला साधी म्हणणार नाही.

मग डिझाइनच्या मुलाने सुचवलं तसं मराठीलाही बोदोनीचं वळण दिलं तर? त्याने लगेच एक प्रयोग करून दाखवला. उभे काने जाड केले, बाकी सगळं बारीक केलं. दिसायला विचित्रच दिसलं. का, ते समजून घ्यायला मला वेळ लागला, पण कारणं सोपी आहेत.

पहिलं कारण शिरोरेषा. बोदोनीच्या पद्धतीत आडवी रेषा केसाएवढी असते. आपल्या लिपीत सगळं अक्षरच आडव्या रेषेला टांगलेलं. मोडी लिहिताना तर आधी कागदभर रेघा ओढून घेत आणि मग त्यांच्याखाली अक्षरं लिहीत जात. ती रेषाच केसाएवढी केली तर शब्द दुरून वेगवेगळ्या काठ्यांसारखे दिसतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून तिला हे वळण त्यामानाने सहज मानवतं. आमच्या पत्रिकेत गुजराती बरी आणि मराठी बिचारी का दिसत होती, त्याचं एक उत्तर इथे होतं.

दुसरं कारण लेखणीचं. बोदोनीचं जाड-बारीक हे टोकदार निबाच्या आणि तांब्यावर कोरणाऱ्या हत्याराच्या वळणाचं आहे. वरून खाली येताना दाब द्यायचा, बाकी ठिकाणी सोडायचा. आपलं वळण आलं तिरक्या छाटलेल्या बोरूतून. बोरूत उभी आणि आडवी रेषा साधारण सारख्याच जाडीच्या उतरतात, फरक पडतो तो तिरप्या रेषांत. इंग्रजी मोठा ए बघा, त्याची डावी तंगडी बारीक आणि उजवी जाड. आता आपला र बघा, खाली उजवीकडे जाणारी त्याची शेपटी निमुळती. दोन्ही रेषांचा उतार एकाच बाजूचा, पण तिथे जी जाड ती इथे बारीक. ज्यांनी लहानपणी बोरूने पुस्ती गिरवली आहे त्यांच्या हाताला हे आपोआप ठाऊक असतं. देवनागरीत जाड-बारीक नाही असं मुळीच नाही. पश्चिम भारतातल्या जुन्या जैन पोथ्यांतली अक्षरं पाहिली तर फरक किती ठळक आहे ते दिसेल. तशाच एका सोळाव्या शतकातल्या कल्पसूत्राच्या वळणावरून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘जैनी’ नावाचा फॉन्ट केला आहे.

तिसरं कारण जागेचं. इंग्रजी आणि मराठी एकाच मापात ठेवली की मराठी लहान दिसते, कारण त्याच मापात वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार बसवायचे असतात. मधल्या अक्षराला जागा उरते थोडी. म्हणून मराठीचं माप वाढवावं लागतं आणि ओळींतलं अंतरही. हे न केल्याने अर्ध्या पत्रिका कोंदट दिसतात.

आणि चौथी गोष्ट आपल्या घरची. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगावं लागतं, नाहीतर तो हिंदी वळण देतो. त्याहून अवघड ‘वऱ्हाडी’तला र. तो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा र पुष्कळ फॉन्टना जमत नाही. मग ‘वर्हाडी’ होतं, किंवा र सुटा पडून पाय मोडून बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, एवढा फरक त्या पापणीत आहे. आमच्या नमुन्यात ‘वऱ्हाडी मंडळी’ तीन ठिकाणी मोडली होती. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याने विचारलं, “मासी, आमां शुं खोटुं छे?” मी कागदावर लिहून दाखवल्यावर त्याने पंधरा मिनिटांत दुसरा फॉन्ट शोधला. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय तेही त्याने विचारून घेतलं.

दरम्यान इंग्रजीचाही रुबाब थोडा उतरला होता. नावं मोठी होती तोवर ठीक. पण तेच वळण लहान मापात घेऊन कार्यालयाचा पत्ता सोनेरी फॉइलमध्ये छापून पाहिला, तेव्हा बारीक रेषा जागोजागी तुटल्या. ओ चे दोन कंस झाले. मोबाइलवर पाठवायच्या चित्रात तर पत्ता म्हणजे नुसत्या उभ्या काड्या. हा दोषही जुनाच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हार्पर्स बझार’साठी जोनाथन हेफ्लरने दिदोचं नवं वळण केलं, तेव्हा त्याने सात वेगवेगळ्या मापांसाठी सात वेगळे आराखडे काढले. लहान मापाच्या आराखड्यात बारीक रेषा थोडी जाड ठेवायची, मोठ्या मापात ती नाजूक करायची. हे अक्षर मथळ्यासाठी जन्मलेलं आहे. मुंडावळ्या कपाळावर शोभतात, रोज बांधून स्वयंपाक करायला कोणी सांगत नाही.

शेवटी आम्ही असं केलं. इंग्रजी नावं त्याच जाड-बारीक वळणात मोठी ठेवली, पत्ता साध्या अक्षरात घेतला. मराठी नावांसाठी ‘रोझा वन’ नावाचा फॉन्ट वापरला. तो अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये काढलेला आणि फुकट मिळणारा आहे. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात एकमेकींना सांभाळून केल्या आहेत आणि जाड-बारीक फरक मुद्दाम टोकाचा ठेवला आहे. तो नावांपुरताच. बाकी मराठी मजकूर साध्या, वाचनीय फॉन्टमध्ये, इंग्रजीपेक्षा सव्वापट मोठा, मोकळ्या ओळींत आणि गडद कुंकवाच्या रंगात. फॉइल फक्त गणपतीला. मजकूरही छाटला. पाच पिढ्यांची नावं कमी केली (यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही). जागा झाली तशी अक्षरं श्वास घ्यायला लागली. गुजराती बाजूच्या “जलूल जलूल आवजो”लाही जागा मिळाली.

छापून आल्यावर भाचीने पत्रिका हातात घेतली, तिचं मराठी नाव बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, “माझं नाव मराठीत इतकं मोठं मी कधी पाहिलंच नव्हतं.” तिने ते पान फ्रेम करून घेतलं. माझे चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे भिंग न घेता मुहूर्तापर्यंत वाचत गेले. मुलाच्या आजीने, बांनी, हिंदीच्या ओळखीवर मराठी बाजू वाचून काढली आणि मुहूर्ताच्या ओळीत आपण म्हणतो तसंच ‘गोरज’ असल्याचं पाहून खूश झाल्या.

या निमित्ताने आपल्या मंडळांच्या कामाबद्दल दोन शब्द. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं. रस्त्यावरच्या पाट्या, शाळा, वर्तमानपत्रं इथल्या भाषेतली असणार आणि ते योग्यच आहे. त्यामुळे आपल्या मुलांना मराठी दिसते ती आपण छापतो तेवढीच. गणेशोत्सवाचा फलक, कोजागिरीचं पत्रक, स्मरणिका, पत्रिका. ते करताना मांडववाल्याशी आणि केटररशी जेवढा वेळ बोलतो, त्याच्या चौथाई वेळ अक्षरांवर घालवला तरी पुरे. प्रूफ आलं की ल, श आणि ‘ऱ्या’ तपासावेत. मराठीचं माप इंग्रजीला आहे तेवढंच ठेवू नये. बारीक रेषांची अक्षरं मोठ्या नावापुरती वापरावीत, वेळ आणि पत्ता साध्या अक्षरात द्यावा. देवनागरीचे चांगले फॉन्ट आज फुकट मिळतात, आणि आपल्या ओळखीत सुलेखन करणारं कुणी असेल तर त्यांना मानधन देऊन नावं हाताने लिहून घ्यावीत. मानधन देऊन, हे मुद्दाम लिहिते आहे. ड्यूक आता मिळायचा नाही, पण वर्गणी आपण काढतोच.

आणखी एक विनंती. दांडिया बाजारातल्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या, बेळगावच्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या लग्नाच्या पत्रिका असतील. त्या शिशाचे खिळे हाताने जुळवून छापलेल्या आहेत. कागदावर बोट फिरवलं तर काही पत्रिकांत खिळ्याचा खोलवर उमटलेला दाब अजून लागतो. घर आवरताना त्या रद्दीत टाकू नका. उजेडात ठेवून स्वच्छ फोटो काढा, मागे छापखान्याचं नाव आणि गाव असेल तर तोही फोटो घ्या, आणि संपादकांकडे पाठवा. दिवाळी अंकात एक पान त्यांना द्यायचं आमच्या मनात आहे.